हिवाळ्यात बागेवर पांघरायचं पांढरं कापड: जाडी कोणती घ्यावी आणि रोल वाटून कसा घ्यावा

कडाक्याच्या थंडीत रोपं वाचवायला बाजारात जे काही मिळतं, त्यात पैशाचं चीज करणारी वस्तू एकच आहे: न विणलेलं पांढरं पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे एका प्लास्टिकच्या तंतूंचं, कापड. कुणी त्याला क्रॉप कव्हर म्हणतं, कुणी फ्लीस, कुणी नुसतंच थंडीचं कापड. मात्र जाडी चुकली, रुंदी कमी पडली किंवा कडा उघड्या राहिल्या, की तेच कापड निरुपयोगी ठरतं आणि दोष कापडाला लागतो. शिवाय चांगल्या प्रतीचा माल बहुतेक वेळा मोठ्या रोलमध्येच येतो आणि एका घरच्या बागेला तो फार होतो. चार-पाच बागवाल्यांनी मिळून एक रोल घ्यायचा, असं धरूनच पुढचा सगळा हिशेब केला आहे.

जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम भरतं ते. घरच्या बागेसाठी तीन जाड्यांचाच विचार करायचा. १७ ते १९ जीएसएमचं कापड इतकं हलकं असतं की रोपांवर थेट टाकलं तरी शेंडे वाकत नाहीत. त्यातून साधारण ८५ ते ९० टक्के उजेड आत जातो आणि निरभ्र, वारा नसलेल्या रात्री आत बाहेरच्यापेक्षा एक-दोन अंश जास्त राहतात. ३० जीएसएममधून ७० टक्क्यांच्या आसपास उजेड जातो आणि फरक दोन-तीन अंशांचा पडतो. ५० जीएसएम तीन-चार अंश राखतं, पण उजेड जवळपास निम्म्यावर आणतं, त्यामुळे ते रोज सकाळी काढावंच लागतं. वाफ्यांसाठी ३० जीएसएम घ्या. एखादा दिवस काढायचं राहिलं तरी झाडं पिवळी पडत नाहीत, वाऱ्याला ते १७च्या मानाने बरंच टिकतं आणि थंडी वाढली तर त्यावर दुसरा पदर टाकता येतो. दोन पदरांच्या मध्ये दोन-तीन बोटं हवा राहिली तर फायदा चांगला दिसतो. पदर एकमेकांना चिकटले तर तितका दिसत नाही.

दोन-तीन अंश म्हणजे नेमकं काय, हे मात्र आधी समजून घ्या. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, काकडी शून्याच्या जरा खाली गेल्या की पानं पाणी सुटल्यासारखी गडद होतात आणि ऊन चढेपर्यंत काळी पडून लोंबतात. बाहेर उणे एक किंवा उणे दोन असेल तर ३० जीएसएमखाली ती तरतात. उणे पाच असेल तर कुठलंच नुसतं कापड त्यांना वाचवत नाही. कोबी, पालक, लसूण, गाजर यांना सवय झालेली असेल तर हलकं गोठण उघड्यावरही सोसतं. वाटाण्याचा वेल टिकतो, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात, म्हणून फुलावर आलेल्या वाटाण्याला कापड हवंच. तुळस, अँथुरियम, फिलोडेन्ड्रॉन अशा उष्ण प्रदेशातल्या झाडांचं दुखणं निराळं. पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी, दहा अंशांच्या खालीच त्यांच्या पानांवर डाग पडायला लागतात. त्यांना कापडाचे दोन-तीन अंश पुरत नाहीत. ती घरात घ्या.

रोल हातात आला की पहिलं काम वजनाचं. लेबलवर ३० लिहिलेलं असतं आणि माल २२-२३चा निघतो, ही या वस्तूतली सगळ्यात मोठी फसवणूक. दोन चौरस मीटरचा तुकडा कापा, घडी घालून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ३० जीएसएमचा असेल तर काटा ६० ग्रॅमच्या आसपास दाखवेल. ४५ दाखवत असेल तर रोल परत करा. मग तुकडा उजेडासमोर धरा. चांगल्या कापडात तंतू सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात आणि दाबून बसवलेल्या बारीक ठिपक्यांची नक्षी एकसारखी असते. हलक्या मालात मध्येच ढगासारखे दाट पट्टे आणि त्यांच्या शेजारी विरळ जागा दिसतात. फाटायला सुरुवात तिथूनच होते. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती विचारूनच घ्यावी लागते: कापड यूव्ही स्टॅबिलाइज्ड, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकेल अशी प्रक्रिया केलेलं, आहे का? तशी प्रक्रिया नसलेलं कापड उन्हात काही आठवड्यांतच ठिसूळ होऊन बोटांनी चुरडतं. पॅकिंगसाठी आणि पिशव्यांसाठी मिळणारं न विणलेलं कापड याच कारणाने बागेत चालत नाही. दिसायला ते अगदी तसंच असतं, म्हणून जपून.

कापड ऊब तयार करत नाही. दिवसभर उन्हाने तापलेली माती रात्री उष्णता सोडते. ती उष्णता सरळ आकाशात निघून जाऊ नये, इतकंच काम ते करतं. म्हणून ते जमिनीला टेकलेलं पाहिजे. झाडाच्या डोक्यावर टोपी घालून खोडापाशी आवळून बांधलेलं कापड ही सगळीकडे दिसणारी चूक आहे: मातीतून वर येणारी ऊब बाहेरच राहते आणि झाड आत गारठतं. खोडाला बांधायचं नाही, तंबूसारखं चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडायचं आणि कडा दाबायच्या. थंड हवा जड असते, ती खालून सरकते. एका कोपऱ्यात वीतभर फट राहिली तरी त्या बाजूची रोपं सकाळी करपलेली दिसतात.

मातीही तयार पाहिजे. कोरडी, भुसभुशीत माती दिवसा फार उष्णता साठवत नाही. ओली आणि बसलेली माती जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. कडाक्याची रात्र येणार असं दिसलं की त्या दिवशी सकाळीच पाणी द्या, दुपारपर्यंत पानं सुकली पाहिजेत. संध्याकाळी पानांवर पाणी मारून वर कापड टाकणं घातक ठरतं. वाफ्यावर पेंढ्याचा किंवा पाल्याचा जाड थर असेल तर तोही त्या दिवसापुरता रोपांच्या ओळीतून बाजूला सारा, कारण तो मातीची ऊब वर येऊ देत नाही. हिवाळाभर आच्छादन ठेवा म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. मुळं वाचवायला आच्छादन उत्तमच आहे, पण कोवळी पानं वाचवायची असतील तर त्या एका रात्री माती उघडी बरी.

आता कमानी, म्हणजे कापड रोपांवर अधांतरी धरणारा सांगाडा. १७चं कापड थेट रोपांवर टाकता येतं, ३० आणि ५०चं टाकू नये. पहाटे कापडावर दव गोठतं आणि जिथे कापड पानाला चिकटलेलं असतं तिथे पान जळतं; काढल्यावर नेमके त्याच जागी डाग दिसतात. कमानीला ४ मिलिमीटर जाड गॅल्व्हनाइज्ड तार किंवा अर्धा इंची पीव्हीसी पाइप पुरतो. मध्ये एक मीटर अंतर ठेवा, वाऱ्याची जागा असेल तर ६० ते ७० सेंटिमीटर. मापाचं गणित सोपं आहे, पण ते न केल्यामुळेच बहुतेकांचं कापड रुंदीला कमी पडतं. वाफा १.२ मीटर रुंद आणि कमान मध्यावर ६० सेंटिमीटर उंच असेल तर कमानीची गोलाई १.९ मीटर भरते. दोन्ही टोकं पाव-पाव मीटर जमिनीत जायला हवीत, म्हणून तार किंवा पाइप २.४ मीटरचा कापा. कापडालाही दोन्ही बाजूंना दाबायला पाव-पाव मीटर हवं, म्हणजे त्याचीही रुंदी किमान २.४ मीटर. १.६ मीटरचं कापड सगळीकडे मिळतं, पण त्यात ७० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच एवढाच बोगदा बसतो. लेट्यूस, पालक, लसूण, रोपवाटिकेचे ट्रे यांना तो ठीक. टोमॅटो-मिरचीला नाही. मिळत असेल तर ३.२ मीटर रुंदीचा रोल घ्या. उभा अर्धा कापला की त्यातून १.६चे दोन होतात, उलटं करता येत नाही.

लांबी कापताना टोकं विसरू नका. तीन मीटरच्या वाफ्याला दोन्ही टोकांना कमानीच्या उंचीइतकं, शिवाय दाबायला वीत-दीड वीत, असं धरून ४.८ मीटर कापड लागतं. म्हणजे १०० मीटरच्या रोलमधून असे वीस वाफे निघतात. पाच जणांनी घेतला तर प्रत्येकी चार. कापताना प्रत्येकाने आपल्या वाफ्याचं माप आधी कागदावर द्यावं. तोंडी ‘पाच-पाच मीटर’ म्हणून वाटलेल्या कापडात कुणाचे दोन मीटर उरतात आणि कुणाचं अर्धा मीटर कमी पडतं, आणि या कापडाला जोड देणं त्रासाचं असतं. शिलाई मारली तर सुईच्या भोकांच्या ओळीवरच ते फाटतं. जोड द्यायचाच असेल तर अर्धा मीटर एकावर एक घेऊन खालच्या कमानीला चिमटे लावा.

कडा दाबायला खिळे, हुक वापरू नका. भोक पडलं की वाऱ्याने ते हातभर वाढतं. विटा, पाण्याने भरलेल्या दीड-दोन लिटरच्या बाटल्या, वाळूच्या पिशव्या किंवा कडेने एक लांब लाकडी पट्टी उत्तम. पट्टीला कापडाची कड गुंडाळून ठेवली की सकाळी एका बाजूने उचलून गुंडाळायचं आणि संध्याकाळी उलगडायचं, दोन मिनिटांत काम होतं. रोज करायचं काम असल्यामुळे हे सोपं असणं फार महत्त्वाचं आहे. अवघड बांधणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळ्याने सुटते.

कापड टाकायचं ते सूर्य मावळायच्या आधी, माती अजून कोमट असताना. अंधार पडल्यावर, गारठा बसल्यावर टाकलं तर झाकून ठेवायला आत काही उरलेलंच नसतं. तापमान सगळ्यात खाली जातं ते सूर्योदयाच्या सुमारास, मध्यरात्री नव्हे. सकाळी कापडावरचं गोठलेलं दव वितळून बाहेर चार-पाच अंश झाले की उघडा. ऊन पडलं आणि कापड तसंच राहिलं तर आत दमट ऊब साचते. त्यात राखाडी बुरशी लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीवर आधी चढते, मावा वाढतो आणि वरून काहीच कळत नाही. काकडी, भोपळा फुलावर असतील तर मधमाश्यांना आत जाता आलं पाहिजे, नाहीतर फळ धरणार नाही.

या कापडासोबत एक वस्तू घ्याच: किमान-कमाल तापमापक. दोन सेन्सरचा असेल तर एक कापडाखाली, रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर, आणि दुसरा बाहेर उघड्यावर ठेवा. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या सावलीतल्या पेटीतला असतो. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून तीन-चार अंश कमी असू शकतात, म्हणून ‘किमान ३ अंश’ असा अंदाज असतानाही सखल कोपऱ्यातला वाफा गोठतो. शेजारी-शेजारी बागा असतील तर सगळ्यांनी एकाच उंचीवर मोजून आकडे एकमेकांना कळवा. थंड हवा कुणाच्या बागेत साचते, कुणाच्या भिंतीपाशी ऊब टिकते, हे आठवडाभरात समजतं. मग नाजूक कुंड्या त्या भिंतीच्या मालकाकडे हिवाळ्यापुरत्या पाठवता येतात. असं एकमेकांचं हवामान वाटून घेणं कुठल्याही विकतच्या साधनापेक्षा जास्त झाडं वाचवतं.

कुंड्यांना ५० जीएसएम घ्या. कुंडीतली मुळं चारी बाजूंनी गारठतात आणि मुळांची सहनशक्ती फांद्यांपेक्षा कमी असते. तयार शिवलेल्या, दोरी ओढून बंद करायच्या पिशव्या मिळतात. कल्पना चांगली, पण मापात मारतात. लेबलवरची उंची पिशवी सपाट ठेवून मोजलेली असते, झाडावर चढवली की घेरात जाते. झाडाची उंची, कुंडीची उंची आणि वर एक वीत, इतकी लांबी हवी. दोरी कुंडीच्या बुडाखाली आवळायची, खोडाला नाही. कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीलगत ठेवा, बुडबुड्यांचं प्लास्टिक फक्त कुंडीला गुंडाळा, पानांना नको. मातीच्या कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भिजलेली कुंडी तडकते.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. पारदर्शक प्लास्टिक रात्री कापडाइतकं उपयोगी पडत नाही. उष्णतेचे किरण त्यातून बरेचसे निसटतात, आतून पाणी टपकतं आणि दिवसा ते विसरलं तर रोपं शिजतात. जुन्या चादरी चालतात, जड असतात, भिजल्या की झाडं मोडतात, पण एका रात्रीसाठी त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. तयार बोगदे, म्हणजे तारांवर शिवलेलं कापड, दिसायला देखणे असतात. तार बारीक, कापड १७चं आणि कमान जेमतेम ४० सेंटिमीटर उंच. घेऊ नका. एलईडी माळा कापडाखाली सोडून ऊब येईल ही आशाही सोडा, त्यांतून उष्णता फारच थोडी निघते.

हे कापड कुठे कमी पडतं? जोराच्या थंड वाऱ्यात. वारा ऊब कडेकडेने ओढून नेतो, तेव्हा दोन अंशांचा भरवसाही धरता येत नाही. बर्फ पडत असेल तर ओझ्याने कमानी बसतात. बर्फ पडायला लागलं की काठीने आतून हलकेच झटका. आणि थंडीच्या तोंडावर भरपूर युरिया दिलेल्या, लुसलुशीत वाढलेल्या झाडांना ते फारसं वाचवत नाही. थंडीच्या आधीच्या सहा आठवड्यांत युरियासारखं नत्राचं खत थांबवलेली झाडं त्याच कापडाखाली कितीतरी बरी राहतात. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. वरचा मेलेला भाग खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात त्या जागांना, थोडा आडोसा देतो, आणि छाटल्यावर फुटणारे कोंब पुढच्या थंडीत जातात.

बागवाले एकमेकांना कापड उसनं देतात, तेव्हा त्यासोबत रोगही जातो. करपा किंवा राखाडी बुरशी लागलेल्या वाफ्यावरचं कापड तसंच दुसऱ्याच्या वाफ्यावर टाकू नका. टबात कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, अर्धा तास भिजवायचं, हाताने दाबून काढायचं. पिळायचं नाही, वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नाही. दोरीवर दुहेरी टाकून पूर्ण वाळवा. कोपऱ्यावर पक्क्या शाईने मालकाचं नाव आणि लांबी लिहिली की पुढच्या वर्षी शोधाशोध होत नाही.

थंडी हा झाडं वाटण्याचाही काळ आहे, फक्त काय वाटायचं ते पाहून. अंजीर, द्राक्ष, तुती, गुलाब यांची पानं गळलेली, पेन्सिलीएवढी जाड काडी या दिवसांत झोपलेली असते. १५ ते २५ सेंटिमीटर लांब कापा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा डोळ्याच्या बोटभर वर तिरपा, म्हणजे उलटी लावली जाणार नाही. ओलसर, पण पाणी न टपकणाऱ्या कागदात गुंडाळून पिशवीत घातली की फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कित्येक आठवडे टिकते आणि कुरिअरनेही सुखरूप जाते. पानांसकट असलेली नाजूक रोपं मात्र या दिवसांत पाठवायची तर हीट पॅक, म्हणजे ऊब देणारी छोटी पुडी, लागतो. तो लोखंडाच्या भुकटीवर चालतो आणि त्याला हवा लागते, म्हणून खोक्याला दोन-तीन भोकं ठेवा, पॅक कागदात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवा, पानाला किंवा मुळाला टेकू देऊ नका. पूर्ण तापायला त्याला वेळ लागतो, तेव्हा पार्सल बांधायच्या तास-दोन तास आधी उघडा. प्रवासाच्या अंदाजापेक्षा दीडपट तासांचा घ्या. आलेलं झाड दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळं ठेवा आणि घरातल्या उबेतून आलेलं असेल तर थेट वाफ्यात लावू नका: आधी दिवसा बाहेर, रात्री आत, मग कापडाखाली, मग उघड्यावर.

जपून वापरलं तर यूव्ही प्रक्रिया केलेलं ३० जीएसएमचं कापड दोन-तीन हिवाळे जातं. थंडी सरली की ते बागेत पडू देऊ नका, उन्हाळ्याचं ऊनच त्याला खातं. पूर्ण वाळवून, सैल गुंडाळी करून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवा. हाताला पांढरी भुकटी लागायला लागली की त्याचं आयुष्य संपलं. तंतू तुटून मातीत जाण्याआधी ते कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. त्याचे तुकडे कुजत नाहीत आणि वर्षानुवर्षं प्रत्येक वाफ्यात सापडत राहतात.